आधी बांध बघ

तुझा मेल वाचला. अभ्यासाला उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरचं डिथमार्शन ठेवायचं की बर्लिन घ्यायचं, हा घोळ पुरे कर. निबूर या प्रवाशाला पुढे केलं तर भारताशी धागा जुळेल, असं कुणी सुचवलंय म्हणतेस. धागा खराच आहे. कार्स्टन निबूर १७६३ मध्ये मुंबईत उतरला, घारापुरीची शिल्पं त्याने रेखाटली आणि १७७८ पासून डिथमार्शनमधल्या मेल्डोर्फला सरकारी नोकरीत आयुष्य काढलं. पण त्याचं बोट धरून त्या मुलखात शिरू नकोस. तो किनारा समुद्र अडवणाऱ्या बांधांवर उभा आहे. आधी बांध बघ.

तुझा आराखडा हेमिंगस्टेटच्या लढाईने सुरू होतो. १७ फेब्रुवारी १५००, डेन्मार्कचा राजा हान्स, भाडोत्री ‘काळी पलटण’ आणि त्यांना धूळ चारणारे डिथमार्शनचे शेतकरी. कबूल. पण त्या शेतकऱ्यांनी पाण्याची दारं उघडली म्हणून अरुंद वाटेवरचं सैन्य चिखलात रुतलं. कुठलं दार उघडलं की पाणी कुठवर चढेल, हे कुणाला ठाऊक असतं? पिढ्यान्‌पिढ्या समुद्र अडवून बसलेल्यांनाच ना! राजा न मानता अठ्ठेचाळीस जणांच्या मंडळाने कारभार चालवणारी ही माणसं समजून घ्यायची, तर आधी बांध बघ.

त्या किनाऱ्यावरचा कायदा कडक होता. ज्याच्या वाट्याला बांधाचा जो तुकडा, तो त्यानेच राखायचा. झेपेना, तर बांधात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून चालू लागायचं. ते फावडं जो उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याच्याच गळ्यात. जमिनीवरचा हक्क, कर्ज, शेजाऱ्याचा धाक, सगळं या एका प्रथेत आहे, आणि तुझ्या आराखड्यात तिला एक ओळ नाही!

१५५९ मध्ये डिथमार्शनचं स्वातंत्र्य गेलं. बांध राखणं काही सुटलं नाही. आजचा जिल्हा १९७० मध्ये उत्तर आणि दक्षिण डिथमार्शन जोडून झाला. समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीत तिथे आज कोबी पिकतो.

कोबीच्या जिल्ह्यात इतकी वर्षं काय केलंत, असं मला विचारतात. बर्लिनवर लिहिणाऱ्यांना व्याख्यानांची बोलावणी आली, मला फारशी नाही. खुपतं ते. तरी पुन्हा निवडायचं झालं तर मी हेच निवडेन, कारण राज्य खालून कसं उभं राहतं ते मला तिथे दिसलं. रुखरुख आहे ती तिथल्या प्लाट बोलीची, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या लोकबोलीची. तिथल्याच हाइडेत जन्मलेल्या क्लाउस ग्रोटने १८५२ मध्ये त्या बोलीत कविता छापल्या. मला त्या आजही कोश उघडून वाचाव्या लागतात. तू आत्ताच शिकायला लाग.

पहिलं प्रकरण नव्याने लिही. लढाई तिसऱ्यात गेली तरी चालेल, निबूर शेवटी येऊ दे. आणि पुढच्या मेलसोबत मला फावड्याच्या प्रथेवर लिहिलेली पानं हवी आहेत.