हे तुम्हाला कसे कळले?

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुझ्या रेडिओ कार्यक्रमातल्या चर्चेसाठी नाल्याच्या रखडलेल्या कामाचा विषय ठरलेला असताना दोन्ही पाहुणे परदेशातल्या युद्धावर घसरले, त्या गोंधळात फोनवरच्या एका बाईंचे बोलणे तुला मध्येच तोडावे लागले आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापन समितीने "आपल्याला राजकारण हवेच कशाला?" असे विचारले, इथपर्यंत सगळे समजले. त्यावर तू काढलेला तोडगा मात्र मला मुळीच पटलेला नाही. यापुढे फक्त स्थानिक प्रश्न घ्यायचे आणि देशाचे व जगाचे राजकारण मोठ्या वाहिन्यांवर सोडून द्यायचे, असे तू म्हणतेस. सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांनीच स्वतःसाठी चालवलेले छोटे केंद्र, कशासाठी असतो हे तुला सांगण्याची गरज नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

विषय जवळचा की लांबचा, ही वाटणीच चुकीची आहे. बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले, भोगलेले किंवा तपासलेले किती आणि नुसते कानावर आलेले किती, एवढीच वाटणी निवेदकाने करायची असते. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: "हे तुम्हाला कसे कळले?" नगरसेवकाला तोच प्रश्न, प्राध्यापकाला तोच, फोनवरच्या श्रोत्यालाही तोच. मी निवेदक होतो तेव्हा माझे सहकारी या प्रश्नाला वैतागले होते आणि तूही वैतागशील. त्याला माझा इलाज नाही.

एकदा एक गृहस्थ तुझ्या पाहुण्यांसारखेच लांबच्या युद्धावर तावातावाने बोलू लागले. कोणत्या देशाने कोणाला फसवले, किती जहाजे बुडाली, सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. मी विचारले, "हे तुम्हाला कसे कळले?" ते म्हणाले, "मोबाइलवर आले होते." मग ते थांबले. माझा हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर होता, काचेपलीकडचा तंत्रज्ञ डेड एअर होईल, म्हणजे प्रक्षेपणात नुसती शांतता पसरेल, म्हणून बोट फिरवून खूण करत होता आणि मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने अगदी वेगळ्या आवाजात ते म्हणाले, "मला स्वतःला ठाऊक आहे ते एवढेच, की माझा मुलगा तिकडच्या बंदरावर कामाला आहे आणि आठ दिवस त्याचा फोन नाही." त्यानंतरचा अर्धा तास आम्ही आंतरराष्ट्रीय राजकारणावरच बोललो: तिकडे कामाला गेलेल्यांची नोंद कोण ठेवते, दूतावास काय करू शकतो, पगार थकले तर दाद कुठे मागायची. यातला एकही प्रश्न मोठ्या वाहिनीवर त्या आठवड्यात कोणी विचारला नव्हता. आता सांग, हा विषय स्थानिक म्हणायचा की परदेशी?

बोलिव्हियातल्या खाणकामगारांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या मजुरीतून वर्गणी काढून रेडिओ केंद्रे उभारली. 1980 च्या जुलैमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा ती केंद्रे एकमेकांना जोडून घेऊन सैनिक दाराशी येईपर्यंत बोलत राहिली. देशाचे राजकारण त्या केंद्रांच्या उंबऱ्यावर आले होते, त्यांना ते दुसरीकडून आणावे लागले नाही. उलट रवांडातले आरटीएलएम हे रेडिओ केंद्र आठव. ते सामुदायिक केंद्र नव्हते, खासगी होते. पण त्याची ढब आपल्यासारखीच होती, हे मला आजही अस्वस्थ करते. गाणी, थट्टामस्करी, श्रोत्यांचे फोन आणि घरातल्या माणसासारखा सूर. 1994 च्या नरसंहारात याच सुरात मारायच्या माणसांची नावे घेतली गेली. त्याच्या दोघा संस्थापकांना 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले. ओळखीच्या आवाजावर लोक चटकन विश्वास ठेवतात आणि तो आवाज "हे तुम्हाला कसे कळले?" असे विचारत नसेल, तर केंद्र जितके आपुलकीचे तितके धोक्याचे.

समतोलासाठी तू स्टॉपवॉच लावून दोन्ही बाजूंना सारखी मिनिटे देतेस, असे लिहिले आहेस. निवडणुकीतल्या उमेदवारांच्या बाबतीत ते योग्य आहे. अमेरिकेच्या 1934 च्या कायद्यातला समान संधीचा नियमही उमेदवारांपुरताच आहे. सार्वजनिक वादांसाठी तिथे 1949 ते 1987 या काळात फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचे न्याय्यतेचे धोरण होते, पण त्यानेही मिनिटे मोजायला सांगितले नव्हते, विरोधी मताला वाजवी संधी द्यायला सांगितले होते. दोन ऐकीव गोष्टींना प्रत्येकी दहा मिनिटे दिलीस तर वीस मिनिटे ऐकीव गोष्टी झाल्या, समतोल कसला त्यात?

समितीच्या भीतीबद्दल थोडक्यात. आधी परवाना वाच. भारतातल्या सामुदायिक केंद्रांना 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम मना केले. पाणी, वीज, हवामान अशी नागरी माहिती देता येते. नेपाळमध्ये 1 फेब्रुवारी 2005 रोजी राजाने सत्ता हाती घेतल्यावर एफएमवरच्या बातम्या बंद पाडल्या गेल्या. त्यांची तोंडे दुसऱ्यांनी बंद केली होती. तुझ्या परवान्याचे नियम वेगळे आहेत, त्यात चर्चेला मोकळीक असताना तू आपण होऊन तोंड मिटायला निघाली आहेस, म्हणून मला राग येतो.

आता माझे सांगतो, म्हणजे हा हट्ट कुठून आला ते कळेल. सुरुवातीच्या काळात थेट प्रक्षेपणात एका श्रोत्याने रस्त्याच्या कामातले पैसे खाल्ल्याचा आरोप एका कर्मचाऱ्यावर नाव घेऊन केला. फोनच्या सगळ्या लाइन लुकलुकत होत्या, कार्यक्रम रंगला होता आणि मी काहीच विचारले नाही. पुढच्या आठवड्यात कळले की तो माणूस त्या कामावर नव्हताच. मी चूक दुरुस्त केली, पण नंतर रेकॉर्डिंग लावून घड्याळ धरले तेव्हा आरोप अकरा मिनिटे चालला होता आणि माझी माफी एकवीस सेकंदांत आटोपली होती. तो माणूस मला पुढे दोनदा रस्त्यात दिसला. मी दोन्ही वेळा रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

त्यानंतर मी प्रश्न सोडला नाही. माझ्यावर आक्षेप आला की मी श्रोत्यांची उलटतपासणी घेतो, कमी शिकलेली माणसे बिचकतात आणि पुढारी मात्र कागद फडकावून सुटतात. मी तेव्हा भांडलो, प्रश्न सगळ्यांना एकच आहे असे ठासून सांगितले आणि समितीने तो प्रश्न वगळायला सांगितला तेव्हा कार्यक्रमच सोडून दिला. आजही वाटते की मी बरोबर होतो. मात्र जुनी रेकॉर्डिंग ऐकताना एक गोष्ट कानाला टोचते: आमदारांना विचारताना मी आधी "साहेब" म्हणत होतो आणि एखाद्या मजूर बाईला विचारताना माझा आवाज चढत होता. शब्द तेच होते, सूर तो नव्हता. हे कोणी त्या वेळी सांगितले असते तर मी ऐकले असते का? बहुधा नाही. तू तरी ऐक. पुढाऱ्याने कागद दाखवला तर तो कोणी तयार केला हेही विचार, आणि साध्या माणसाला विचारताना अशा आवाजात विचार की त्याला पुढे सांगावेसे वाटेल.

पुढच्या भागात तेच दोन पाहुणे पुन्हा बोलव. नाल्याचा विषय आधी घे, युद्धावर जायचे असेल तर त्यांना जाऊ दे, पण प्रत्येक दाव्याला तोच प्रश्न विचार. त्याआधी, ज्या बाईंचे बोलणे तू तोडलेस त्यांना स्वतः फोन कर आणि त्या काय सांगणार होत्या ते पूर्ण ऐकून घे. मग कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग मला पाठव. संपादित केलेले नको, पूर्ण पाठव.