आधी उंबरा, मग इंजिन

माझी एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची टप असलेली स्पोर्ट्स कार, 1971 सालची आहे. 1998 च्या मार्चमध्ये कॉव्हेंट्रीतल्या एका शेडमधून ती ट्रेलरवर घरी आणली आणि तेव्हापासून घरच्याच गॅरेजमध्ये, माझ्याच हातांनी तिचं सगळं केलं आहे. माझ्या वडिलांचा इचलकरंजीत लेथ होता. नटाचे आटे बोटाने ओळखायला मी तिथे शिकले. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न: ताई, मी 1973 ची क्रोम बंपरवाली एमजीबी रोडस्टर घेतली आहे. रंग सुंदर आहे, इंजिन एका फटक्यात चालू होतं. तिच्यात रोव्हर कंपनीचं आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन बसवायची माझी इच्छा आहे. घरी गॅरेज आहे आणि खर्चाला चार हजार पौंड बाजूला काढलेत. आधी इंजिन शोधू की गिअरबॉक्स?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर: आधी एक चुंबक शोधा. त्यावर मऊ कापड गुंडाळा आणि दाराच्या खालच्या पट्टीवरून पुढून मागे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे.

या पट्टीला इकडे ब्रिटनमध्ये ‘सिल’ म्हणतात. मी तिला उंबराच म्हणते, कारण अर्थ तोच आणि काम त्याहून मोठं. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडी हीच तिची चासी आहे. आतला पत्रा, बाहेरचा पत्रा आणि मधला पडदा मिळून जी पेटी होते, त्या दोन पेट्यांवर गाडीचा मधला भाग उभा असतो. जीटीला निदान वर टप आहे. तुमच्या रोडस्टरला वरून काहीच आधार नाही, त्यामुळे सगळा भार उंबऱ्यावर. आतून गंजलेल्या उंबऱ्यावर नवा पत्रा चढवून, रंग मारून विकलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत. बाहेरून त्या नवरीसारख्या दिसतात.

दुसरी तपासणी अशी. दार बंद करा, दाराच्या मागच्या कडेची फट वर किती आणि खाली किती ते बघा. मग जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू उचला. फट हलली किंवा दार उघडताना अडकलं, तर उंबरा भार घेत नाही. तसं असेल तर तुमचे चार हजार पौंड कुठे जायचे हे ठरलं.

उंबरा कापायची वेळ आली तर दाराच्या चौकटीत, पुढच्या बिजागऱ्यांपासून मागच्या लॉकपर्यंत, लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. वेल्डिंग करताना सारखं दार लावून बघा. हे मी पोटतिडकीने सांगते, कारण 1999 मध्ये मी पट्ट्या न लावता उजवा उंबरा कापला. नवा पत्रा नीट बसला, वेल्डिंग सुरेख झालं, आणि दार मागे अर्धा इंच वर राहिलं. केलेलं सगळं पुन्हा कापावं लागलं. तीन आठवडे गेले आणि एक नवा पत्रा वाया गेला. सुदैवाने एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आजही नवा मिळतो. 1988 पासून तर अख्खी बॉडी जुन्याच साच्यांवर पुन्हा बनवली जाते.

आता व्ही-8 बद्दल. तुमची कल्पना चुकीची नाही. कंपनीनेच 1973 ते 1976 मध्ये रोव्हरचं 3528 सीसीचं इंजिन घालून जीटी बनवली, एकूण 2591 गाड्या. ते इंजिन ॲल्युमिनियमचं असल्यामुळे गाडीचं नाक जड झालं नाही. पण ताकद 95 वरून 137 अश्वशक्तीवर नेताना कंपनीच्याच अभियंत्यांनी पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, त्यांना पकडणारे कॅलिपर बदलले. आणि हे त्यांनी टप असलेल्या जीटीतच केलं. त्या काळात कंपनीची व्ही-8 रोडस्टर विक्रीला आलीच नाही. हे दोन निर्णय मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेले.

माझा क्रम सांगते. आधी पत्रा. मग ब्रेक: रबरी नळ्या बदला, कॅलिपरचे पिस्टन अडकतात का बघा, मागचे ड्रम उघडून सिलिंडर गळतो का पाहा, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं भरा, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. मग पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस. ते दर 3000 मैलांनी द्यायचं असतं आणि बहुतेकांनी दहा हजारांत दिलेलं नसतं. मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेत का ते सपाट जमिनीवर मापून पाहा. एवढं झालं की गाडी वर्षभर आहे तशीच चालवा. 1798 सीसीचं मूळ इंजिन नीट सेटिंगमध्ये असलं तर काय देतं, हे तुम्ही अजून अनुभवलेलंच नाही. वर्षानंतरही व्ही-8 हवंसं वाटलं तर मला पुन्हा लिहा; मी नक्की मदत करीन.

आणि पाने इंचातले घ्या. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 मिलिमीटरचा पाना लागतो असं वाटतं. पण अर्धा इंच म्हणजे 12.7. गंजलेल्या नटावर तेवढा फरक कोपरे गोल करायला पुरतो.

प्रश्न: माझी एमजीबी सकाळी छान चालू होते, पण मोटरवेवर अर्धा तास झाला की झटके देते आणि बंद पडते. वीस मिनिटांनी पुन्हा चालू. मित्र म्हणतो दोन्ही एसयू कार्ब्युरेटर काढून टाक आणि एक वेबर कंपनीचा लाव. ऐकू का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर: नका ऐकू. गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर जगते, हे लक्षण आधी ठिणगीचं आणि मग पेट्रोलच्या वाटेचं. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा नंबर त्यानंतर येतो.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सुरक्षित जागी थांबून लगेच, गार व्हायच्या आत, तीन गोष्टी करा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. सूंऽ करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडला आहे. मग चावी फिरवून कान द्या. एमजीबीचा पेट्रोल पंप मागे, उजव्या चाकाच्या बाजूला असतो आणि टिकटिक करतो. थोडी टिकटिक करून थांबला तर कार्ब्युरेटर भरलेत. न थांबता भराभर वाजत राहिला तर पेट्रोल पोचत नाही, कुठेतरी हवा ओढतोय. एकदम गप्प असेल तर पंपाचेच पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्क, गेले. तिसरं, एका स्पार्क प्लगची वायर काढून त्यात जादा प्लग अडकवा, तो इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका.

ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर. तो प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आत बसतो, इंजिनची उष्णता खातो आणि गरम झाल्यावरच दगा देतो. हल्ली नवे मिळणारे काही कंडेन्सर जुन्यापेक्षा लवकर मरतात, म्हणून ‘परवाच बदलला’ हे कारण धरू नका. मी 2006 मध्ये पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. मूळ डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालीच ते मावतं, बाहेरून काही दिसत नाही. घरी तासाभरात होणाऱ्या सुधारणांमध्ये ही मला सगळ्यात मोलाची वाटते. फक्त 1967 च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. किट घेताना ते विचारा, नाहीतर पहिल्याच चावीला ते जळेल. काढलेले पॉइंट, त्यांची फट मोजायच्या 0.015 इंचाच्या फीलर गेजसह, डिकीत ठेवा.

आता एसयूबद्दल दोन शब्द, कारण त्यांची बदनामी मला सहन होत नाही. या कार्ब्युरेटरमध्ये एकच जेट, म्हणजे पेट्रोल यायचं छिद्र, आणि त्यात वर-खाली होणारी एक निमुळती सुई असते. इंजिन जितकी हवा ओढतं तितका कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर जातो, सुई वर सरकते आणि तेवढंच पेट्रोल येतं. वरच्या नळीतलं तेल पिस्टनला एकदम उसळू देत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच मिश्रण क्षणभर दाट होतं. बस, एवढंच. ते तेल संपलं की गाडी पाय दाबल्यावर अडखळते आणि लोक कार्ब्युरेटर फेकून देतात! दोन कार्ब्युरेटर जुळवायला मी अजून रबरी नळी वापरते: एक टोक कानाला, दुसरं आधी एका तोंडाशी, मग दुसऱ्या. दोन्हींचा फुसकारा सारखा झाला पाहिजे. मग एकाचा पिस्टन बाजूच्या पिनने जरासा, मिलिमीटरहून कमी, उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट आहे. इंजिन मरायला लागलं तर पातळ. किंचित वाढून पुन्हा बसला तर बरोबर.

रबरी नळ्याही बदला. सप्टेंबर 2021 पासून इकडे साध्या पंपावर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडून आतून सुटतं. मी पाच टक्केवालं सुपर भरते. शिवाय व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट तपासत राहा. व्हॉल्व्हच्या सीट जपणारं शिसंवालं पेट्रोल 1999 च्या अखेरीस बंद झालं. तुमच्या इंजिनाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवलेल्या नसतील तर सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. माझं हेड 2001 मध्ये करून घेतलं.

प्रश्न: आमच्याकडे आजोबांची 1948 ची एमजी टीसी आहे. वीस वर्षं वाड्यातल्या पडवीत उभी आहे. मेकॅनिक म्हणतो, जुनं इंजिन काढून एखाद्या छोट्या आधुनिक गाडीचं बसवू, म्हणजे रोज वापरता येईल. तुमचं मत काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर: मी तुम्हाला हात जोडून नाही म्हणते. 1250 सीसीचं ते इंजिन म्हणजेच टीसी. शिवाय जुलै 2021 च्या नियमांनुसार भारतात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, मग नूतनीकरणाला 5,000. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. त्या नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. म्हणजे इंजिन बदलून तुम्ही नोंदणीचा मार्ग बंद कराल.

स्टार्टर अजिबात मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, आठवडाभर थांबा. जुनं ऑइल काढून नवं भरा आणि मग पुढच्या हँडलने हाताने, हळू फिरवून बघा. अडलं तर जोर नको. पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. टाकी धुऊन घ्या. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कारण तिकडे आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. ते टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका.

तुमच्या मेकॅनिकना एक खास सांगा: या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक आहेत, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. पाना एका मापाचा, आटे दुसऱ्या. मेट्रिक पाना लागत नाही म्हणून कोणी इंचातले आटे पाडले तर ब्लॉकच जाईल. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहून पिशवीत ठेवा. बॉडीचा सांगाडा ॲशच्या लाकडाचा आहे. दारांच्या खांबांत पेचकस टोचून वाळवी, कूज बघून घ्या. तुमचा सुतार साग सुचवेल. साग टिकतो, पण ॲशसारखा लवत नाही. जमलं तर ॲशच आणवा.

प्रश्न: ताई, तुमच्यासारखंच मीही स्वतः काम करते. माझी 1972 ची जीटी एमओटी या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतून सुटलेली आहे. मोटरवेवर इंजिन फार ओरडतं म्हणून पाच गिअरचा बॉक्स बसवावा म्हणते. मग सूट जाईल का?
— एक वाचक, स्लाव

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. चाळीस वर्षांवरच्या गाडीची सूट जाते ती गेल्या तीस वर्षांत बॉडी, ॲक्सल-सस्पेन्शन किंवा इंजिन यांत मोठा बदल केला असेल तर. त्या यादीत गिअरबॉक्स नाही. मात्र विमा कंपनीला आधी कळवा आणि त्यांचं लेखी उत्तर जपून ठेवा. सूट असली तरी मी दरवर्षी एमओटी करून घेते. दुसऱ्या कोणाचे डोळे गाडीखाली गेलेले बरे असतात.

पण पाच गिअरच्या आधी मूळचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी, शोधा. ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे 3900 फेरे मारत असेल, तर बटण दाबताच ते 3200 च्या आसपास येतं, आणि सगळं त्याच काळातलं राहतं. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनासकट वर काढावा लागतो. तेव्हा त्याच खेपेला क्लच बदला. त्याचं रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं आणि सिग्नलला पाय पेडलवर ठेवून उभं राहिलं की झिजतं. सध्याचा गिअरबॉक्स नक्की कुठला आहे ते कळायला त्याच्यावरच्या नंबराचा फोटो पाठवा, म्हणजे कोणता ओव्हरड्राइव्ह शोधायचा ते सांगते.