सख्ख्या भावंडांना एकाच पावसाळ्यात डेंगी झाला, तरी एकाचाच आजार गंभीर का?

आपल्या घरी एकाच पावसाळ्यात दोन्ही मुलांना डेंगी झाला, धाकटीचा ताप लवकर उतरला आणि थोरल्याला प्लेटलेट घसरल्यामुळे भरती करावे लागले. प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची, जनुके आईवडिलांकडूनच येत असतील तर हा फरक कसा, असे आपण विचारले आहे. मी नागपुरातच जीवशास्त्र शिकवतो आणि पावसाळ्यानंतर हा प्रश्न वर्गातही हमखास येतो.

वारशाने मिळतात ते प्रतिपिंड घडवण्याचे सुटे जनुकखंड. (आईकडून नाळेवाटे बाळाला तयार प्रतिपिंडे मिळतात खरी, पण ती काही महिनेच टिकतात.) प्रतिपिंड जड आणि हलक्या प्रथिन-साखळ्यांचे बनते; त्यातल्या जड साखळीचे खंड १४ व्या गुणसूत्रावर असतात आणि ते तीन गटांचे: सुमारे ४० व्ही, २० हून अधिक डी आणि ६ जे. अस्थिमज्जेतली प्रत्येक बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणारी पांढरी रक्तपेशी) प्रत्येक गटातून एकेक खंड निवडून जोडते, आणि जोडताना सांध्यावर डीएनएची काही अक्षरे गळतात, काही नव्याने भरली जातात. जनुकखंडांची ही फेरमांडणी सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवली आणि १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. सांध्यावरचा हा भाग बव्हंशी योगायोगाने ठरत असल्यामुळे एकसारख्या जुळ्यांचीही प्रतिपिंडे बरीच वेगळी निघतात. आपल्या मुलांना तर आईवडिलांकडून आलेल्या मूळ खंडसंचांची जोडीही एकच मिळाली असेल याची शक्यता साधारण चारात एक.

तरीही वारसा गौण आहे असे मी म्हणणार नाही, कारण काही विषाणूंच्या बाबतीत प्रथिनाच्या एका घटकाचा, म्हणजे एका अमिनो आम्लाचा, फरकही निर्णायक ठरतो. फ्लूच्या विषाणूवरील हिमॅग्लुटिनिन प्रथिनाच्या देठाला चिकटणारी अनेक प्रतिपिंडे आयजीएचव्ही १-६९ या जनुकापासून बनतात. त्याच्या काही रूपांत ५४ व्या जागी फेनिलअ‍ॅलनिन असते, काहींत ल्युसिन, आणि देठातल्या खोबणीत पहिलेच नीट बसते. एचआयव्हीच्या एका प्रायोगिक लसीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत लसीने जाग्या करायच्या नेमक्या बी-पेशी आढळल्या. उरलेल्या एकाकडे आयजीएचव्ही १-२ या जनुकाचे आवश्यक रूपच नव्हते. अशा रूपांच्या नोंदी आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून झाल्या आहेत, आणि विदर्भातल्या माणसांच्या नोंदीही त्यात पुरेशा असायला हव्यात असे मला मनापासून वाटते, कारण उद्याच्या लसी याच माहितीवर बेतल्या जाणार आहेत.

आपल्या थोरल्याच्या बाबतीत मात्र मी आधी दुसरी शक्यता तपासून पाहीन. डेंगीच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधारानेच विषाणू काही रक्तपेशींत सहज शिरतो आणि आजार बळावू शकतो. पहिला संसर्ग पुष्कळदा लक्षणांशिवाय होऊन जातो, त्यामुळे घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. तापाच्या पहिल्या काही दिवसांतच आयजीजी (संसर्गात सहसा उशिरा वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी ठळकपणे पॉझिटिव्ह आली असेल, तर ती आधीच्या संसर्गाची खूण असू शकते; ते कागद डॉक्टरांना अवश्य दाखवावेत.

धाकटीचा हा पहिलाच डेंगी असेल, तर उरलेल्या ३ प्रकारांपासून तिला टिकाऊ संरक्षण मिळालेले नाही आणि पुढच्या वेळी गंभीर आजाराचा धोका तिलाच अधिक राहील. म्हणून घरातल्या कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून कोरडी करावी, आणि तिला पुन्हा ताप आल्यास डेंगीची चाचणी लगेच करून घ्यावी.