वाचकांचे प्रश्न : बनावेची खाचरं एका दिवसात बघून होतील का?

प्रश्न : ताई, मी ६१ वर्षांचा, ही ५७. राहायला इंदिरानगर, नाशिक. माझं लहानपण इगतपुरी तालुक्यात भाताच्या आवणीत गेलं. पुढं आमची जमीन धरणात गेली. आता मुलगी कामानिमित्त फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात आहे, तर तिथली डोंगरउतारावरची भातशेती बघायची इच्छा आहे. हाताशी चार दिवस आहेत. एजंट म्हणतो, एका दिवसात बनावे बघून परत येता येईल. हिचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. कधी जावं? आणि ती खाचरं दोन हजार वर्षं जुनी आहेत हे खरं का?

उत्तर : दादा, एका दिवसात जाऊ नका. मनिलापासून बनावे साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे आणि रात्रीची बस नऊ-दहा तास घेते. सकाळी उतरायचं, रस्त्याकडेच्या कठड्यापाशी फोटो काढायचे आणि रात्री पुन्हा बसमध्ये बसायचं, असं मी पहिल्या खेपेला केलं होतं. त्याची हळहळ मला पुढं कितीतरी दिवस होती. शिवाय बनावे गावासमोरची ती खाचरं युनेस्कोच्या यादीत नाहीतच. १९९५ साली जागतिक वारसा म्हणून इफुगाव प्रांतातले पाच समूह घेतले: बाताद, बांगान, मायोयाव, हुंगदुवान आणि नागाकादान. तुम्ही चारही दिवस इफुगावला द्या. दोन रात्री प्रवासात जातील, दोन डोंगरात काढा.

बाताद सगळ्यात देखणं. डोंगराच्या कुशीत अर्धगोल पायऱ्या उतरत जातात आणि मधोमध तळाशी गाव बसलंय. बांध दगडाचे, काही तर माणसाहून उंच. पण गाडी गावात जात नाही, उतरणीची वाट पायीच करावी लागते आणि परतताना तीच चढण. वहिनींचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी वरच्या अंगाच्या घरगुती मुक्कामात राहावं. तिथून सगळा पसारा समोर दिसतो. खाली तुम्ही एकटे जा, गावातलाच वाटाड्या घेऊन. दोघांना मिळून खाचरांपर्यंत जायचं असेल तर बांगान बरं. ते रस्त्याजवळ आहे, उतरण थोडी, गाव लहान.

तुम्ही आवणी केलेले आहात म्हणून सांगते, तिथं बांधावरून चालताना तुमचे पाय आपोआप जपून पडतील. मी गेले तेव्हा एक म्हातारे आजोबा गुडघाभर चिखलात उभे राहून दगडांच्या फटीत चिखल दाबत होते. आधी मुठीनं आणि मग टाचेनं. आपल्याकडं खेकडे बांध पोखरतात, तिथं मोठी गांडुळं पोखरतात. भोक पडलं की वरचं पाणी खालच्या खाचरात फुटतं आणि बांधच खचतो. ते आजोबा हात धुवायलाही थांबले नाहीत, पुढच्या फटीकडं वळले. त्यांच्या जोडीला तरणं माणूस कुणी नव्हतं. पोरं शहराकडं गेली आणि बांध दुरुस्त करणारे हात कमी झाले. अशीच खाचरं ढासळू लागली म्हणून २००१ साली युनेस्कोनं हा वारसा धोक्याच्या यादीत टाकला होता. २०१२ साली त्यातून काढला.

पाण्याचं मात्र बघाच. खाचरांच्या वर प्रत्येक कुटुंबानं राखलेलं रान असतं, त्याला ‘मुयोंग’ म्हणतात. पाणी तिथं मुरतं आणि पाटानं एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. रान तुटलं की खाचर कोरडं पडतं. मोसम-गिरणेकाठची फडपद्धत, म्हणजे गावानं मिळून पाटाचं पाणी वाटून घेण्याची रीत, आणि ते पाणी सोडणारा पाटकरी तुम्हाला ठाऊक असेल, तर हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

वयाचं विचारलंत. दोन हजार वर्षं हे जुन्या अभ्यासकांचं अनुमान. अलीकडच्या उत्खननांतून असं पुढं आलंय की पाण्यातली भातशेती स्पॅनिश लोक आल्यानंतर, म्हणजे साधारण चारशे वर्षांपूर्वी, इथं जोमानं पसरली. त्याआधी अळूची लागवड होती. मला हेच जास्त पटतं. आणि खरं सांगू, त्यानं माझ्या मनातला आदर वाढलाच. परक्या फौजेच्या हाती न लागता डोंगरात मागं सरकलेल्या लोकांनी हे उभं केलं.

कधी जावं? एप्रिल-मे महिन्यांत हिरवंगार असतं. जूनअखेर ते जुलै पीक पिकून पिवळं पडतं, कापणी होते. पुढं वादळी पाऊस, दरडी कोसळतात, तेव्हा नको. तिथल्या जुन्या तांदळाला ‘तिनावोन’ म्हणतात, म्हणजे वर्षातून एकदाच येणारा. आपला उशिरा पिकणारा गरवा भातही त्याच्यापुढं हळवा, म्हणजे लवकर येणारा, वाटावा इतका वेळ तो घेतो. बाजारात मिळाला तर तिथंच शिजवून घेऊन खा. आपली कोळपी ही भाताची जुनी जात जशी मागं पडली, तसाच तोही मागं पडत चाललाय.

जेवणाचं म्हणाल तर भात, रताळी, डोंगरी भाज्या मिळतात. पण भाजीतही माशाचा रस घालतात, म्हणून ‘मांस नको, मासे नको, माशाचा रसही नको’ असं तिन्ही वेगवेगळं सांगा. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट सोबत असू द्या.

जुनं इफुगाव घर दिसलं तर खाली वाकून खांब पाहा. चार खांबांवर घर उचललेलं असतं आणि प्रत्येक खांबाला वरच्या टोकाशी गोल लाकडी चकती बसवलेली असते. उंदीर खांबावरून चढतो, चकतीपाशी अडतो, भात वाचतो. मी ती चकती हातानं चाचपत होते तेव्हा घरातल्या आजींनी सुपारी, पान आणि चुना पुढं केला. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पान कसं लावायचं ते दोघींनाही येत होतं.

रोकड मनिलातच काढून घ्या, बातादला बँकयंत्र नाही. रात्रीच्या बसमध्ये वातानुकूलन फार थंड असतं, वहिनींसाठी शाल हातातल्या पिशवीत ठेवा. व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून तपासा. आणि सुट्या पैशांत २० पेसोची कागदी नोट हाती आली तर उलटी करून बघा, मागं हीच खाचरं छापलेली आहेत.