गेम खेळताना डिस्प्ले ड्रायव्हर सारखा कोसळतो, दुकानदार म्हणतो बोर्ड बदला. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्यात राहता, गेमिंग लॅपटॉप दोन वर्षांचा आहे. गेम ऐन रंगात आला की स्क्रीन काळी होते आणि दोन-तीन सेकंदांनी परत येते, पण गेम मेलेला असतो. 'डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला' असा निरोप दिसतो. तीनदा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यातलं दुभाष्याचं सॉफ्टवेअर, नव्याने टाकून झाला. पाऊस लागल्यापासून त्रास वाढलाय आणि दुकानात ऐकायला मिळालं, "बोर्ड गेलो, बदलूंक जाय."

बोर्डाचे पैसे आत्ताच मोजू नका. मी साखळीचा. मागच्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची हीच तऱ्हा होती आणि मीही ड्रायव्हर काढ-घाल करण्यात तीन आठवडे घालवले. शेवटी बोर्डही ठीक निघाला आणि ड्रायव्हरही.

आधी तो निरोप नेमकं काय सांगतो ते बघू. विंडोज ग्राफिक्स चिपला काम देते आणि वाट बघते. ठरलेली मुदत २ सेकंदांची. तेवढ्यात चिपकडून हूं की चूं आलं नाही, तर विंडोज ड्रायव्हरची मान पकडून त्याला नव्याने उभं करते. व्हिस्टापासून ही सोय आहे, तिला टीडीआर म्हणतात. मिनिटभरात हे पाचाहून जास्त वेळा झालं की मग निळी स्क्रीन, क्रमांक ११६. म्हणजे 'ड्रायव्हर कोसळला' याचा खरा अर्थ इतकाच की चिपने वेळेत उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, हे त्या निरोपात कुठेच नसतं. नाव ड्रायव्हरचं येतं म्हणून आपण त्यालाच झोडपतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून काही नवं टाकण्याआधी वेळा तपासा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टम उघडा, उजवीकडच्या फिल्टरमध्ये हे क्रमांक स्वल्पविराम देऊन भरा: १०५, ४१०१, १३, १४, १५३. ४१०१ म्हणजे ड्रायव्हर कोसळून सावरला. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर तीच गोष्ट १३, १४ किंवा १५३ या क्रमांकांनीही नोंदलेली सापडते. मात्र १५३ डिस्कचाही असतो, तेव्हा सोर्सचा रकाना बघून घ्या. आणि १०५, सोर्स कर्नल-पॉवर, याचा अर्थ लॅपटॉपचा वीजपुरवठा बदलला: अडॅप्टरवरून बॅटरीवर किंवा उलट.

माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक ४१०१ च्या एक-दोन सेकंद आधी १०५ उभा होता. मी तर अडॅप्टरची पिन काढलीच नव्हती!

आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर काय चालतं ते तुम्हाला फोंड्यात सांगायला नको. वारा सुटला की फांद्या तारांना घासतात, लाईट पूर्ण जात नाही, नुसती मिचकावते. ट्यूबलाईटकडे लक्ष नसेल तर कळतही नाही. पण गेम चालू असताना अडॅप्टर भरल्या गाड्यासारखा ओढत असतो. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज पूर्ण भारावर सेकंदाचा अगदी लहानसा अंश पुरते. तोच झोका ब्राउझिंग करताना आला तर अडॅप्टर सहज निभावून नेतो. म्हणून दिवसभर काही होत नाही आणि गेम लावला की होतं, आणि आपल्याला वाटतं चिपच कमजोर आहे.

पुढची गंमत लॅपटॉप बनवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरची. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये असं एक धोरण असतं की बॅटरीवर गेल्याबरोबर स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते) खाली आणायचा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बंद करून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर यायचं. बॅटरी वाचवायला हे छानच. पण गेम त्या कार्डावर बसलेला असताना त्याच्या खालचा पाट ओढला, तर दुसरं काय होणार? माझ्या लॅपटॉपवर ते 'आपोआप' असं ठेवलेलं होतं. मी ते बदलून कार्ड कायम चालू ठेवलं, रिफ्रेश रेटची आपोआप अदलाबदल बंद केली, आणि कोसळणं निम्म्याहून कमी झालं. यासाठी एक पैसा लागला नाही.

तुमच्याकडे हेच आहे का, हे दहा मिनिटांत कळेल. गेम सेव्ह करा आणि मुद्दाम अडॅप्टरचं बटण भिंतीवर बंद करा. थोडं थांबून परत चालू करा. तीन-चार वेळा करा. त्यातच स्क्रीन काळी झाली तर चोर सापडला.

उरलेला अर्धा त्रास इन्व्हर्टरने गेला, पण सरळ नाही. घरात इन्व्हर्टर होता, माझ्या खोलीतला प्लग त्याच्या लाईनवर नव्हता. तो जोडून घेतला, तरी कोसळायचं! मग कळलं की घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असला की मेन्सवरून बॅटरीवर जायला वेळ घेतो. पंख्याला, दिव्याला ते चालतं. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं एक बटण असतं, त्यावर तो चटकन बदलतो. तोटा एवढाच की व्होल्टेज जरा हललं तरी तो बॅटरी धरतो, त्यामुळे बॅटरी जास्त राबते. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर असे मोठे अडॅप्टर गुणगुणतात, तापतात, तो प्रयोग नको. इन्व्हर्टर नसेल तर साधारण ६०० व्हीएचा यूपीएस एका लॅपटॉपला बास होतो, फक्त त्यावर किती वॅट लिहिलेत ते अडॅप्टरच्या वॅटशी ताडून घ्या.

लॅपटॉपची स्वतःची बॅटरी थकली असेल तर हे सगळं आणखी बिघडतं, कारण झोक्याच्या वेळी भार तिच्यावर पडतो. ती फुगून टचपॅड वर आला असेल तर मात्र गेमबिम बाजूला ठेवा, आधी ती बदला.

आता १०५ जुळलाच नाही तर?

मग तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून खेळा. नुसती चिप तापली तर लॅपटॉप सहसा वेग कमी करतो, गेम अडखळतो, सरळ कोसळत नाही. त्यामुळे अडखळणं आणि कोसळणं दोन्ही असेल तरच उष्णतेवर संशय घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याच्या जाळीवर धूळ नुसती बसत नाही, चिकटते. किनाऱ्याजवळ मीठही असतं. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने गरगर फिरवू नका. आणि पावसात भिजलेल्या बॅगेत लॅपटॉप रात्रभर ठेवणाऱ्यांना मी काय सांगू!

वीजही नाही, उष्णताही नाही, असं असेल तेव्हाच ड्रायव्हर. तोही नीट: नेट बंद करा, नाहीतर विंडोज अपडेट मागच्या दाराने आपला ड्रायव्हर घुसवते. सेफ मोडमध्ये जा, डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना मुळासकट काढा, मग लॅपटॉपच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला टाका, भले तो जुना असो. नवा तो चांगला हा हट्ट इथे कामाचा नाही. तरीही कोसळत असेल तर आफ्टरबर्नर या प्रोग्रामने कार्डाचा वेग थोडा खाली आणून बघा. त्याने थांबलं, किंवा ओसीसीटी या प्रोग्रामच्या व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) चाचणीत चुका निघाल्या, तर मग दुकानदाराचं म्हणणं ऐकायला मी तयार आहे.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, ती २ सेकंदांची मुदत वाढवून ६० करा, असा सल्ला तुम्हाला भरपूर मिळेल. मी केलं होतं. स्क्रीन दोन सेकंद अडकायची ती मिनिटभर अडकायला लागली, बस्स. जड रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, गेमला नाही.

१०५ आणि ४१०१ च्या गेल्या आठवड्यातल्या वेळा मला लिहून पाठवा, आणि दुकानदाराने बोर्ड गेल्याचं कशावरून ठरवलं तेही.