जूनमध्ये पट भरलेला, जुलैत निम्मी मुलं गायब. हजेरी वाढवायला काय करावं?

तुम्ही देशावरून आलात, पहिलीच नेमणूक सिंधुदुर्गात, आणि शंभर टक्के हजेरीला बक्षीस ठेवू का, असं विचारताय. नका ठेवू. ते बक्षीस शाळेच्या मागच्या घरातल्या मुलालाच मिळतं. व्हाळापलीकडची, म्हणजे ओढ्यापलीकडची, पोर पहिल्याच आठवड्यात बाद होते, मग उरलेलं वर्ष तिने कशाला धडपडायचं?

प्रवेशोत्सवाचे फुगे, औक्षण, नवी पुस्तकं ठीक आहे. त्या दिवशी मुलं येतातच. आमच्याकडे हजेरी पडते ती तरवा, म्हणजे लावणीसाठीची भाताची रोपं, काढायला झाला की. घरातली झाडून सगळी माणसं मळ्यात, धाकट्या भावंडाला बघायला कोण?

कणकवलीच्या बाजूला एका दोनशिक्षकी शाळेत होते तेव्हा तिसरीतली एक मुलगी अशीच यायची थांबली. मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर 'सतत गैरहजर' म्हणून नोंद केली आणि आईला बोलावणं धाडलं. लावणीच्या दिवसांत कोण येतंय शाळेत? शेवटी मीच गेले. घराला कडी. मळ्यात आजी वाकलेली, मान वर न करता म्हणाली, "बाई, लावणी सोपली काय धाडतंय तिका." मुलगी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, मांडीवर दीड वर्षाचा भाऊ. तो रडू नये म्हणून त्याला दोनचा पाढा चालीवर म्हणून दाखवत होती. मी म्हटलं, उद्यापासून त्यालाही घेऊन ये.

आली. भाऊ चटईवर. खडू खाल्ला, पाटीवर चढला, एकदा केंद्रप्रमुख आले असताना त्यांची ओली छत्री ओढत वर्गभर फिरला. ते हसले. आमचे सर नाही हसले. "ही शाळा आहे, पाळणाघर नाही. अंगणवाडीत ठेवायला सांगा." अंगणवाडीत मुलं बसतात ती तीन वर्षांची झाल्यावर, हे काय सरांना माहीत नव्हतं? पुढे म्हणे, एकीला सवलत दिली की उद्या सगळ्या आणतील. आणखी एकीने आणला. बस. लावणी सरली तसे दोघेही बारके आपापल्या घरी गेले. मुलगी मात्र वर्षभर आली. सर अजून कुणाच्या लग्नात भेटले की "या पाळणाघरवाल्या बाई" अशी ओळख करून देतात. शिस्त बिघडवली म्हणे. गैरहजरीची नोंद करून कुठली शिस्त लागली होती, ते एकदा त्यांनी सांगावं.

बाकीची कारणंही अशीच शोधावी लागतात. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, नियम. पण त्याच किलोमीटरच्या मधे व्हाळ असतो आणि साकवावरून पाणी गेलं की अंतर मोजून उपयोग नाही. गणवेश एकच असेल तर आषाढात तो वाळत नाही. 2024 साली 'एक राज्य एक गणवेश'चे कपडे कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी आले नव्हते. घरचा फ्रॉक घालून आलेल्या मुलीला प्रार्थनेला बाजूला उभं केलंत, तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, लिहून ठेवा. आमिषांचं म्हणाल तर 1995 नंतर 80 टक्के हजेरीला महिना तीन किलो तांदूळ मिळायचे. तांदूळ घरी जायचे, मूल मळ्यात राहायचं. शाळेत शिजायला लागलं तेव्हा फरक पडला, कारण जेवायला मुलाला स्वतः यावं लागतं.

वर्गात लक्ष कसं लागेल, हेही विचारलंय. जूनमध्ये पोरं चढणीचे मासे आणि कुर्ल्या (खेकडे) सोडून तुमच्याकडे येतात, तर पहिला अर्धा तास त्याच गजाली, म्हणजे गप्पा, होऊ द्या. कुणाला किती कुर्ल्या, लहान किती, सोडल्या किती, यातून तिसरीची वजाबाकी अख्खी निघते. हजेरी त्यानंतर घ्या, भिजून उशिरा आलेलाही त्यात धरला जाईल.

एक सांगायचं राहिलं. भावंडाला वर्गात बसवणं मला जमलं कारण पट लहान होता. तुमच्याकडे चाळीस मुलं असतील तर आधी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आजीला विचारा, शाळेच्या पडवीत दोन-तीन पोरं सांभाळाल का म्हणून. आणि हे सगळं भातशेतीच्या गावांचं. बंदरपट्टीत 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बाप घरी असतो, तिथलं गणित वेगळं. मी तिकडे शिकवलेलं नाही.

रविवारी गृहभेटीला जाऊ नका, लावणीला रविवार नसतो, घरी कुणी भेटणार नाही. दुपारी जेवणं मेरेवर येतात तेव्हा जा.