परदेशातून आलेला पुरावा आपल्या न्यायालयात टिकेल का?

आपल्या मूट कोर्टातला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यातला, प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दुबईला निघालेले भारतीय विमान अपहरणकर्त्यांनी तिसऱ्याच देशात उतरवले, दोघे तिथे पकडले गेले आणि त्यांचा साथीदार पुण्यात सापडला. विमान अपहरणाविषयीच्या हेग कराराने सदस्य देशांवर परस्पर साहाय्याचे बंधन घातलेले असताना, त्या देशाकडून आलेले जबाब, ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे इथल्या न्यायालयात आपोआप ग्राह्य धरली जातील का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिवाजीनगरच्या न्यायालयात मी बरीच वर्षे फौजदारी खटले चालवले आहेत. करार पुरावा आपल्या दारापर्यंत आणतो, पण त्यावर निशाणी पडायची, म्हणजे तो न्यायालयाच्या नोंदीवर यायचा, तर आपल्याच पुरावा कायद्याची कसोटी लागते, हे तिथे कोणालाही लवकरच कळते.

१९७० च्या हेग कराराचे दहावे कलम फौजदारी कार्यवाहीत एकमेकांना जास्तीत जास्त साहाय्य करावे असे सांगते. विद्यार्थी एवढेच पाठ करतात. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, ज्या देशाकडे विनंती केली त्याचा कायदा लागू होईल, आणि बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. तिथे जबाब कोणासमोर घ्यायचा, आरोपीच्या वकिलाला हजर राहू द्यायचे की नाही आणि बँकेचे कागद कोणाच्या आदेशाने मिळवायचे, हे सारे तो देश ठरवणार असतो. आपले न्यायालय मात्र ते कागद आपल्याच नियमांनी तपासणार असते.

म्हणून पहिला भेद माहिती आणि पुरावा यांत करावा. सीबीआय हे इंटरपोलचे भारतातील केंद्र आहे आणि त्या मार्गाने पारपत्राचा तपशील किंवा बोटांचे ठसे लवकर मिळू शकतात. त्यातून तपासाला दिशा मिळते, पण तो संदेश दोषारोपपत्राला जोडून सिद्ध काहीच होत नाही. औपचारिक मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ मध्ये आहे, जे पूर्वी दंड प्रक्रिया संहितेत १६६-अ होते. तपास अधिकारी फौजदारी न्यायालयाकडे अर्ज करतो, न्यायालय परदेशी न्यायालयाला किंवा प्राधिकाऱ्याला विनंतीपत्र देते आणि ते केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत पुढे जाते. त्या देशाशी द्विपक्षीय साहाय्य करार असेल, जसा अमेरिकेशी २००५ पासून लागू आहे, तर थेट मध्यवर्ती प्राधिकाऱ्यांमार्फतही काम होते. या मार्गाने आलेला जबाब कायद्याच्या दृष्टीने तपासात गोळा केलेला पुरावा मानला जातो, याचाच अर्थ त्याची किंमत इथल्या पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबाहून अधिक नसते. साक्षीदार शपथेवर येऊन उलटतपासणीला सामोरा जात नाही तोपर्यंत तो कागद आरोपीविरुद्ध वापरता येत नाही.

आता वेळेबद्दल सांगतो, कारण मूट कोर्टात याकडे कोणी पाहत नाही आणि प्रत्यक्षात खटले इथेच कमकुवत होतात. हवाई वाहतूक नियंत्रणाची ध्वनिमुद्रणे किमान तीस दिवस जपावीत असा आंतरराष्ट्रीय मानक नियम आहे. त्यानंतर ती पुसली गेली तर कोणाला दोष देता येत नाही. पुण्यात तर नियंत्रण कक्ष हवाई दलाच्या हाती आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रण राखून ठेवण्याचे पहिले पत्र परदेशात जाण्याआधी लोहगावच्या हवाई दलाच्या तळाला गेले पाहिजे. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रक याहून नाजूक असतो. अनेक विमानांत तो शेवटचे दोनच तास जपतो आणि विमान उतरल्यावर वीजपुरवठा चालू राहिला तर जुने पुसून नवे नोंदवत राहतो. धावपट्टीवर दिवसभर वाटाघाटी चालल्या की हवेतल्या धमक्या त्यातून नाहीशा होतात. त्याची वीज तोडणारा सर्किट ब्रेकर वेळेवर ओढला गेला का, कोणी ओढला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे बचाव पक्ष विचारणारच. भरीस भर म्हणजे हेग कराराचे नववे कलम विमान आणि माल विनाविलंब कायदेशीर धारकाला परत करण्यास सांगते. ज्या आसनाखाली स्फोटके लपवली होती ते आसन पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच मार्गावर उडत असेल. त्यामुळे पंचनामा, छायाचित्रे आणि ठसे हे काम उतरलेल्या देशाच्या पोलिसांनीच तिथे करायचे असते आणि ते आपल्याला चालेल अशा पद्धतीने करून घ्यायचे असते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या बाबतीत ही पद्धत अगदी काटेकोर आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ साधन हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत तिच्या खरेपणाचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आता ते दोन भागांत लागते, एक साधन ताब्यात असणाऱ्याचे आणि दुसरे तज्ज्ञाचे, शिवाय त्यात हॅश मूल्यही (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा तिचा अंकीय ठसा) नमूद करावे लागते. परदेशी विमानतळाच्या सीसीटीव्ही विभागातील अधिकाऱ्याला हे माहीत असण्याचे कारणच नाही. शहाणा तपास अधिकारी प्रमाणपत्राचा कोरा नमुना, त्या देशाच्या भाषेतील अनुवादासह, विनंतीपत्रालाच जोडतो. हे कारकुनी काम वाटेल, पण माझ्या मते संबंध विनंतीपत्रातील सर्वांत मोलाची पाने हीच असतात.

सहकार्यच मिळाले नाही तर काय होते, हे इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाच्या अपहरणाने दाखवून दिले. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले ते विमान अमृतसर, लाहोर, दुबईमार्गे कंदाहारला नेण्यात आले, जिथली तालिबान राजवट भारताच्या मान्यतेचीच नव्हती. विनंतीपत्र पाठवायचे कोणाला? विमानातील पाचही अपहरणकर्ते न्यायालयासमोर कधीच आले नाहीत. पतियाळाच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये तीन साथीदारांना जन्मठेप दिली आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाचीच कायम ठेवली. आपल्या प्रश्नातील पुण्यात सापडलेला साथीदार याच जागी उभा आहे. परदेशातील पुरावा आला नाही, तर त्याच्याविरुद्ध कटाचे दुवे इथल्याच दूरध्वनी नोंदींतून, भाडेकरारातून आणि पैशांच्या व्यवहारांतून जुळवावे लागतील.

फाशीचा मुद्दाही टाळता येणार नाही. आपल्या २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात ओलिसाचा किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास देहदंडाची तरतूद आहे, तर अनेक युरोपीय देश देहदंडाची शक्यता असताना आरोपी देत नाहीत आणि पुरावा देतानाही हमी मागू शकतात. आरोपी दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करण्याविषयीच्या प्रत्यर्पण कायद्याच्या कलम ३४-क ने प्रत्यर्पित आरोपीपुरता देहदंडाऐवजी जन्मठेपेचा मार्ग काढला आहे, नुसत्या पुराव्याच्या विनंतीला तो लागू नाही. तिथे हमी केंद्र सरकारनेच द्यावी लागते. तपास अधिकाऱ्याने उत्साहाच्या भरात पत्रात काही लिहून दिले तर त्याला अर्थ नाही. याउलट आरोपी तिथेच ठेवून खटला चालवण्याचा पर्याय करारानेच खुला ठेवला आहे. १९८५ च्या टीडब्ल्यूए-८४७ या अमेरिकी विमानाच्या अपहरणातील आरोपी फ्रँकफर्टला पकडला गेल्यावर पश्चिम जर्मनीने त्याला अमेरिकेकडे सोपवले नाही, तिथेच खटला चालवून १९८९ मध्ये त्याला जन्मठेप दिली. अशा वेळी आपली भूमिका उलटते आणि पुण्यातील पंच, प्रवासी आणि ध्वनिमुद्रणे त्या देशाला पुरवणे हे आपले काम होते. त्यासाठी संहितेचे कलम ११३ पाहावे.

साक्षीदारांची अडचण मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये परदेशातील साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्यास मान्यता दिली आणि २०१६ मध्ये २६/११ च्या कटातील डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. एक व्यावहारिक सूचना करतो : साक्षीदाराच्या शेजारी त्या देशाचा जबाबदार अधिकारी बसलेला असावा आणि ओळख कशी पटवली याची नोंद व्हावी, अशी मागणी अर्जातच करावी.

आपल्या निवेदनात न्यायालय पुण्याचेच गृहीत धरले आहे, तेही एकदा तपासून घ्यावे. अपहरणविरोधी कायदा राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) कायद्याच्या परिशिष्टात आहे. तपास त्या यंत्रणेकडे गेला तर खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात चालण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि मग विनंतीपत्रासाठी अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा हा प्रश्न प्रतिपक्ष आपल्याला पहिल्या पाच मिनिटांतच विचारेल.